सतारीपासून खर्जाच्या तारेपर्यंत : बाँड थीमच्या प्रात्यक्षिकाच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४

बाँड थीमची गिटार वाजवणारा विक फ्लिक १४ नोव्हेंबरला गेला, ८७ व्या वर्षी. आमच्या गिटार कट्ट्यावर विषय निघाला तेव्हा निम्म्यांना नावच ठाऊक नव्हतं, आणि त्याने वाजवलेलं मात्र सगळ्यांना तोंडपाठ. तिथेच ठरलं की फेब्रुवारीच्या बैठकीत अर्धा तास 'जेम्स बाँड थीम'ला द्यायचा. ती चाल कुठून निघाली, कोणाकोणाच्या हातातून गेली आणि गिटारवर येऊन तिचं काय झालं, ते वाजवून दाखवायचं. स्लाइड्स नाहीत. काम माझ्या गळ्यात पडलंय. पुढे कोणाला असंच काही करायचं असेल तर उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवतोय.

७ डिसेंबर

आधी इतिहासाची जुळवाजुळव, कारण काय वाजवायचं हे त्यावरच ठरणार.

पहिला थांबा त्रिनिदाद. व्ही. एस. नायपॉल यांची 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' ही कादंबरी १९६१ ची. तिच्यावर संगीतिका करायचं घाटत होतं आणि चाली लंडनचा माँटी नॉर्मन बांधत होता. संगीतिका रंगमंचावर आलीच नाही. नॉर्मनच्या खणात पडून राहिलेल्या चालींत एक गाणं होतं, सतारीच्या ढंगाचं. आपली शिंकच अपशकुनी आहे, असं त्यात बिस्वास सांगतो. कादंबरी वाचलेल्यांना संदर्भ लगेच लागेल: बिस्वास जन्मतो तेव्हाच पंडित पत्रिका मांडून भाकीत करतो की पोराची शिंक वाईट, झाडापासून आणि पाण्यापासून त्याला जपा.

दुसरा थांबा 'डॉ. नो'. १९६२ च्या या पहिल्या बाँडपटाचं संगीत नॉर्मनकडे आलं. बाँडसाठी काही जमेना, तेव्हा त्याने शिंकेचं गाणं बाहेर काढलं, लांब सूर फोडून तुकडे तुकडे केले आणि तेच गिटारला द्यायचं ठरवलं. शीर्षकसंगीत मात्र निर्मात्यांच्या मनासारखं उभं राहीना, म्हणून जॉन बॅरीला बोलावलं. बॅरीने चित्रपट पाहिलेलाही नव्हता. दोनेक मिनिटांचा तुकडा हवाय एवढंच त्याला माहीत. २१ जून १९६२ ला लंडनच्या बेजवॉटर भागातल्या सीटीएस स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं: पाच सॅक्सोफोन, नऊ पितळी वाद्यं, ऱ्हिदम आणि एकटी गिटार. गिटारवर बॅरीच्याच बँडमधला फ्लिक. त्याला मिळाले ६ पौंड, तेही एकदाच.

चित्रपट ऑक्टोबरमध्ये लागला तेव्हा बॅरी थिएटरात जाऊन बसला. फक्त शीर्षकापुरती म्हणून दिलेली धून चित्रपटभर वाजत होती. तिची स्वतंत्र रेकॉर्डही निघाली आणि ब्रिटनच्या यादीत १३ व्या क्रमांकापर्यंत गेली.

आता प्रात्यक्षिकाला सतार लागणार. शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकांना विचारतो.

१४ डिसेंबर

काका तयार झाले. अट एकच, 'चाल लिहून आण, मोबाइलवर ऐकवू नकोस.' म्हणून बसून सरगम उतरवली. मूळ धून ई मायनरमध्ये, म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी तीन. ई ला सा धरला तर पहिली ओळ अशी (अक्षराखाली रेघ म्हणजे कोमल सूर):

सा रेरे रे रे– सा सा सा
सा ग॒ग॒ ग॒ ग॒– रे रे रे

हे दोनदा झालं की वरून उतरणारा तुकडा: नी, नि॒, प, मग म, प. नी आणि नि॒ लागोपाठ येतात तिथेच कान टवकारले जातात.

काकांनी कागद हातात घेतला, सूर लावायच्या आधी नखीने बोल वाजवले: दा दिर दा दा– रा दा रा. म्हणाले, 'अरे, ही गतच की!' गत म्हणजे वाद्यावर वाजवायची बंदिश. गिटारवर ही धून इतकी वर्षं वाजवतोय, पण पहिल्या सुरानंतरचे दोन जलद ठोके म्हणजे सरळ 'दिर' आहे, हे डोक्यात आलं नव्हतं. गिटारवाले तिथे खाली-वर पिकिंग करतात. सतारीवर तो एकाच बोटाचा नेहमीचा हात.

मग राग शोधायचा नाद लागला. काकांनी पिलूच्या अंगाने दोन-तीनदा चाल फिरवून पाहिली आणि सोडून दिली. 'तुझ्या साहेबाने राग डोक्यात धरलेला नाही, सतारीचा आवाज धरलाय.' माझंही मत तेच झालंय. 'बाँडची धून मूळची भारतीय' अशी फुशारकी प्रात्यक्षिकात मारायची नाही. लंडनच्या माणसाने त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या पात्रासाठी बांधलेली चाल आहे ती, आणि तेवढंच पुरेसं मजेदार आहे.

२२ डिसेंबर

आजचा दिवस पट्टीत गेला.

काकांची सतार काळी एकला लागलेली. मला हवी पांढरी तीन, म्हणजे तीन सूर वर. बाजाची, म्हणजे मुख्य तार एवढी चढवायला काका तयार नाहीत आणि त्यांचंच बरोबर आहे: तार तुटेल, नाही तुटली तरी जवारीचा झणझणीत आवाज बदलेल, तरफा (खालच्या, आपोआप गुंजणाऱ्या तारा) सगळ्या नव्याने लावाव्या लागतील त्या वेगळ्याच.

जे करून पाहिलं ते असं. सतार आहे त्याच पट्टीत ठेवून कोमल गंधाराला सा मानून वाजवलं. पडदे सापडतात, पण चिकारी (बाजूच्या झंकाराच्या तारा) आणि तरफा जुन्याच षड्जाला बोलतात, त्यामुळे प्रत्येक सुरामागे कोणीतरी वेगळंच गुणगुणतंय असं वाटतं. तरफांवर फडक्याची पट्टी अडकवली तर सतार बहिरी झाली. मग भाचीने काळी एकमध्ये ध्वनिमुद्रण करून सॉफ्टवेअरने तीन सूर वर चढवलं. सतारीचं खेळणं झालं. गिटार खाली उतरवावी, तर खर्जाची, म्हणजे सगळ्यात जाड तार एवढी ढिली पडते की फ्रेटवर खडखडते, आणि मला तर नेमकी तीच तार दाखवायची आहे.

काकूंनी दुसऱ्यांदा चहा आणला तेव्हा विचारलं, 'दोघांनी एकाच सुरात वाजवायलाच हवं का?' खरंच नको! सतारीने आपल्या पट्टीत गत वाजवावी, थांबावं. मग गिटारने काळी एक पकडून, म्हणजे पाचव्या तारेच्या चौथ्या फ्रेटवरून, तीच ओळ वाजवावी आणि तिथून उतरत खाली यावं. यातून एक फायदा पदरात पडला. फ्लिकची गोष्ट हीच आहे. त्याच्यापुढे आलेली चाल वरच्या पट्टीत होती. ती खाली, सगळ्यात जाड तारेवर आणली तर वजन येईल, हे त्याने सुचवलं. आमचा नाइलाज आता त्या गोष्टीचाच नमुना म्हणून दाखवता येईल.

५ जानेवारी २०२५

गिटार मिळाली. फ्लिककडे १९३९ ची क्लिफर्ड एसेक्स पॅरागॉन डीलक्स होती: मोठ्या पोटाची, व्हायोलिनसारख्या भोकांची, डीआर्मंडचा पिकअप (तारांचा आवाज पकडून अँपकडे पाठवणारा भाग) वरून बसवलेला. तशी कुठून आणणार? म्हापशाच्या मित्राकडे त्याच्या वडिलांची एफ-होलवाली जुनी गिटार आहे. लग्नाच्या बँडमध्ये वाजवलेली, मान थोडी वाकलेली. तो पुण्याला येताना घेऊन आला.

तारा बदलल्या. सपाट गुंडाळीच्या जाड तारा, ज्यांना दुकानात फ्लॅटवाउंड म्हणतात, २,१०० रुपये. गोल गुंडाळीच्या तारांवर बोट सरकताना जी खसखस येते ती गेली, आवाज गोलसर झाला.

गोलसर झाला हीच आता अडचण. मला हवाय तो आवाज गोलसर नाही, दात असलेला आहे. माझा पिकअप तारांपासून फार खाली बसलेला, त्यामुळे सगळं गादीखालून वाजल्यासारखं येतंय. फ्लिकलाही हीच अडचण होती. तारांजवळ यावा म्हणून त्याने पिकअपखाली सिगारेटचं चुरगाळलेलं पाकीट सारलं होतं. आमच्याकडे सिगारेट कोणी ओढत नाही. काडेपेटीचं कवच सारलं, ते जाड झालं. तिसऱ्या फ्रेटला दाबलं की तार पिकअपला टेकू लागली. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा दुमडून लावला, तो बरोबर बसला. नुसता पुठ्ठा ढोलीच्या लाकडावर थरथरतो, म्हणून खाली पातळ फोमचा तुकडा घातला. त्याचा खर्च शून्य, पण त्यावर दुपार गेली.

१२ जानेवारी

उजवा हात. खरं सांगायचं तर सगळी धून इथे आहे. डाव्या हाताला काहीच काम नाही: मोकळी तार, दुसरा फ्रेट, तिसरा फ्रेट. आठवीतलं पोर तासाभरात वाजवील. तरी कोणी वाजवलं की ते 'बाँडसारखं' वाटतं, 'बाँड' वाटत नाही.

जाड पिक घ्या, १.५ मिलिमीटर तरी. घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात तिच्या, अगदी जवळ वाजवा. फ्लिक असंच वाजवायचा, आणि जोरात. मी दोन बोटं अंतर ठेवत होतो. ते निम्म्यावर आणलं तेव्हा तारेचा करकरीतपणा बाहेर आला. इतक्या जवळ तार ताठ असते, पिक अडकतो आणि 'दिर'चा दुसरा ठोका गिळला जातो. उपाय काकांच्या हातात दिसला: त्यांचा 'दिर' मनगटातून येत नाही, बोटाच्या पेरातून येतो. पिकचं टोक जेमतेम बाहेर ठेवून अंगठा आणि तर्जनी एवढंच हलवलं, आणि दोन्ही ठोके सुटे ऐकू आले.

अँप्लिफायर फ्लिकचा फेंडर व्हायब्रोलक्स होता. माझा छोटा व्हॉल्व्हवाला, दुसऱ्याच बनावटीचा. आवाज तीन चतुर्थांशापर्यंत नेला की किंचित फाटतो, तेवढंच हवं. त्यापुढे सोसायटीतून फोन येतो.

१८ जानेवारी

मागची चार पावलांची चाल बसवली. सगळ्यांच्या डोक्यात 'बाँड' म्हणून जे घुमतं त्यात ही चाल निम्मी तरी आहे: प, ध॒, ध, ध॒. गिटारवर पाचव्या तारेचे दुसरा, तिसरा, चौथा आणि पुन्हा तिसरा फ्रेट, खाली खर्जाची तार मोकळी सोडून. सूर फक्त अर्ध्या पायरीने सरकतो आणि परत येतो. कुठेच पोचत नाही, म्हणून ताण सुटत नाही.

लूप पेडलवर (मुद्रित तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र) ही चाल फिरती ठेवून वर धून वाजवली. इथपर्यंत झकास. मग मधला भाग आला, जिथे पितळी वाद्यं झोकात घुसतात, आणि सगळं कोसळलं. गिटारची धून सरळ लयीत आहे. बॅरीचा मधला भाग जॅझच्या झुलत्या लयीत. लूप मागे सरळ चालू, मी वर झुलतोय, दोघं दोन रस्त्यांनी. लूप थांबवून नवा मुद्रित करायला मधे जागाच नाही.

मधला भाग एकट्या गिटारवर करायचा हट्ट सोडायला आणखी एक शनिवार-रविवार लागला. नऊ पितळी वाद्यांचा ठणका सहा तारांतून निघत नाही. ओळखीच्या एका ट्रम्पेटवाल्या मुलाला गाठलंय, बँडच्या हंगामातून वेळ मिळाला तर येईन म्हणाला.

२६ जानेवारी

सुट्टी, म्हणून सगळ्यांची एकत्र तालीम. ट्रम्पेट आला. लग्नाच्या वरातीत वाजवायची सवय, त्यामुळे खोलीत आवाज मावेना. त्याला जिन्यात उभं केलं. दार उघडं ठेवून वाजवल्यावर ट्रम्पेट लांबून आल्यासारखा वाटला, गिटार पुढे आली. भाचीने एक माइक जिन्याच्या दारात ठेवला, एक अँपसमोर. अँपचा आवाज दारातल्या माइकमध्येही थोडा झिरपतो आणि त्यामुळे गिटारमागे आपोआप खोली तयार होते. कृत्रिम रिव्हर्ब, म्हणजे यंत्राने दिलेला घुमारा, पूर्ण बंद केला.

ट्रम्पेट आल्यावर जे स्पष्ट झालं ते लिहून ठेवतो. गिटारची ओळ एकटी घेतली तर ती पुटपुट आहे. तिला दरारा येतो तो तिच्यानंतर काय येणार हे आपल्याला माहीत असतं म्हणून. हे बॅरीचं काम.

२ फेब्रुवारी

वादाचा भाग कसा सांगायचा यावर काका आणि मी दोघंही अडून बसलो.

वाद असा: बॅरीने बाँडच्या पुढच्या कितीतरी चित्रपटांना संगीत दिलं, त्यामुळे ही धूनही त्याचीच असं बहुतेकांना वाटत आलं. श्रेय आणि स्वामित्वधन नॉर्मनच्या नावावर. १९९७ साली लंडनच्या 'संडे टाइम्स'ने धून मुळात बॅरीची असल्याचं छापलं. नॉर्मनने बदनामीचा दावा लावला. २००१ मध्ये तो उच्च न्यायालयात उभा राहिला, बॅरीची साक्ष झाली, आणि ज्यूरीने नॉर्मनच्या बाजूने कौल दिला: ३०,००० पौंड भरपाई. पुढे २००५ मध्ये नॉर्मनने शिंकेचं मूळ गाणं स्वतः गाऊन प्रसिद्ध केलं. ते ऐकल्यावर ओळीच्या उगमाबद्दल शंका उरत नाही.

काकांचं म्हणणं, 'निकाल लागला, चाल ज्याची त्याची, विषय संपला.' मला ते पटत नाही. बंदिश एकाची, आणि मैफल रंगते ती दुसऱ्याच्या गळ्यात, हे काकांना मी सांगायला नको. कोर्टापुढे प्रश्न होता बातमी खरी की खोटी एवढाच. आम्ही चार थर सुटे वाजवतोय, तर ऐकणाऱ्याला कळेलच की पहिल्या थरात नॉर्मन आहे, पितळेत बॅरी आहे, आणि खर्जाच्या तारेत ६ पौंडवाला फ्लिक. शेवटी निकाल जसा आहे तसा सांगायचा आणि पुढचं वाद्यांवर सोडायचं, यावर काका राजी झाले. 'पण नाव नॉर्मनचंच आधी घ्यायचं,' हे बजावून.

८ फेब्रुवारी

शेवटचा स्वरमेळ. ई मायनरमध्ये डी शार्प आणि एफ शार्प मिसळलेला, म्हणजे सा ग॒ आणि वर नी, रे. एकदा झंकारून सोडून द्यायचा. बोटं अशी: पाचव्या तारेवर सातवा फ्रेट मधल्या बोटाने, चौथ्या तारेवर पाचवा तर्जनीने, तिसऱ्या तारेवर आठवा करंगळीने, दुसऱ्या तारेवर सातवा अनामिकेने. पहिली आणि सहावी तार वाजवायची नाही. जुन्या गिटारची मान रुंद असल्याने करंगळी पोचताना तर्जनी सुटते. अंगठा मानेच्या मागे अगदी मध्यावर आणला तर ताण बसतो. पिकने ओढू नका, अंगठ्याने वरून खाली सावकाश सोडा. जाड तारांमुळे हा स्वरमेळ लवकर विझतो, म्हणून फक्त इथे व्हॉल्यूम पेडल हळूहळू उघडत नेला.

१६ फेब्रुवारी

बैठक झाली. सतारीची गत, त्यानंतर काळी एकवरची गिटार, तिथून खाली पांढरी तीनवर. मोकळी खर्जाची तार पहिल्यांदा वाजली तेव्हा मागच्या रांगेतून 'आहा' आलं, ते मुद्रणातही आहे.

बिघडलं ते असं: हॉलचा पंखा सतारीच्या माइकमध्ये घुमला, पहिली दोन मिनिटं वाया. ट्रम्पेटला जिना नव्हता, त्याला पडद्यामागे पाठ करून उभं केलं. मधल्या भागात तरी तोच वरचढ ठरला. पुठ्ठा शेवटपर्यंत टिकला.

खर्च: तारा २,१००, हॉल १,२००, ट्रम्पेटवाल्याला १,५००, वायर आणि अडॅप्टर ६५०. काकांनी काही घेतलं नाही, त्यांच्यासाठी बाजाच्या तारांची दोन वेटोळी आणून दिली.

मुद्रण नेटवर टाकलं तर धून ओळखली जाते आणि जाहिरातीचे पैसे हक्कधारकांकडे जातात. आम्हाला पैसे नकोच होते, पण पैशांच्या आशेने कोणी करणार असेल तर आधीच माहीत असलेलं बरं.

गिटार पुढच्या आठवड्यात म्हापशाला परत जातेय. मित्राला सांगितलंय, तारा आणि पुठ्ठा काढू नकोस.